प्रेसखालचं लिंबू

मी जन्माची भित्री. माहेरी मला भित्री भागूबाई म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. पाल दिसली की मी खोली बदलते. अशा बाईने कंट्रोल पॅनेलचं काम का धरलं, हे मला अजून धड सांगता येत नाही. वायरा कुठून कुठे जातात ते ठाऊक असलं की भीती कमी होईल, असं वाटलं असावं. तसं होत नाही. कुठे काय बिघडू शकतं, ते तेवढं जास्त कळतं.

गिंडीतल्या आमच्या छोट्या कंपनीला इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याचं काम मिळालं होतं. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनायचे. त्यांच्या जुन्या हायड्रॉलिक प्रेसचा प्रोसेसर, म्हणजे तिचा मेंदू, बदलायचा होता. प्रोसेसर पॅनेलमध्ये नुसता ठेवता येत नाही, त्याला बसायला बेसप्लेट लागते. ही एक लांबट पाटी, तिच्यावर ओळीने स्लॉट. एकात वीजपुरवठा, शेजारी प्रोसेसर, पुढे बटणांचे निरोप आत घेणारी आणि व्हॉल्व्हला हुकूम देणारी कार्डं. त्यांचं आपसातलं सगळं बोलणं त्या पाटीच्या पोटातून चालतं. लागत होते त्यापेक्षा जास्त स्लॉटची प्लेट मी निवडली. पुढेमागे काही वाढवायचं झालं तर जागा असावी, म्हणून सगळेच तशी घेतात. रिकाम्या स्लॉटची झाकणं तेवढी जॉर्ज टाउनच्या दुकानातून यायची राहिली होती.

प्रेस जुन्या घडणीची. लांब लांब बसवलेली दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली, तरच तिचा रॅम, म्हणजे वरचा लोखंडी ठोकळा, खाली यायचा. माणसाचे दोन्ही हात बटणांवर, म्हणजे प्रेसखाली कोणता हात जाणार? पण त्या बटणांचा निरोप कार्डातून एकट्या प्रोसेसरलाच जायचा. प्रोसेसर चुकला तरी प्रेस अडवणारा वेगळा सेफ्टी रिले दुसऱ्या टप्प्यात बसवू, असं कारखान्याच्या व्यवस्थापकांनी ठरवलं होतं. मी वाद घातला आणि हरले.

तिथल्या मेंटेनन्सचे प्रमुख तंजावूरकडचे मराठी होते, निवृत्तीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणायची. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर चालणारी. पहिल्या दिवशी त्यांनी मला बेसप्लेटविषयी काही विचारलंच नाही. "जेविलीस की, अम्मा?" एवढंच विचारलं आणि कँटीनमध्ये सांबारभातासमोर नेऊन बसवलं.

त्या कारखान्यात एक रीत होती, ती काकांनीच पाडलेली. पॅनेलचं काम करून जो दार लावेल, त्यानेच प्रेसखाली पहिला पत्रा हाताने ठेवायचा. "तुझा हात आंत गेल्याविना माझ्या माणसांचा हात आंत जायचा नाहीं," ते म्हणाले. न्याय बरोबर होता, त्यामुळे मला आणखीच राग आला. बेसप्लेट बसवून झाल्यावर मी पत्रा ठेवला. वरचं ते काळं लोखंड डोक्यावर असताना माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. काही झालं नाही. काकांनी मान हलवली आणि प्रेस सुरू झाली.

मग आयुधपूजा आली. सगळी यंत्रं बंद करून धुतली, पुसली, त्यांना झेंडूचे हार घातले, गंधकुंकू लावलं. पूजा झाल्यावर प्रेसच्या डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, लिंबू ठेवायचं आणि रॅमने ते चिरडायचं, म्हणजे वर्षाची दृष्ट गेली. मलाही बोलावलं होतं. वीज आली, पंप घुमू लागला. काकांनी लिंबू डायच्या मधोमध ठेवलं, सरळ केलं, हात बाहेर काढला. तेवढ्यात रॅम खाली आला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बटणांकडे बघत होते. बटणांपाशी कोणीच नव्हतं. काका अजून डायसमोरच उभे होते, लिंबाचा रस त्यांच्या मनगटावर उडाला होता, आणि ते त्या मनगटाकडे असं बघत होते, जणू ते त्यांचं नव्हेच.

प्रेस थांबवायच्या लाल बटणापाशी मी कधी पोचले ते आठवत नाही. लोक पोरी, म्हणजे मुरमुरे, आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घ्यायला निघून गेले. काकांनी मेन स्विच पाडला आणि आम्ही दोघांनी पॅनेल उघडलं. बेसप्लेटच्या रिकाम्या स्लॉटांत, थेट पिनांवर, गंधाची बोटं उमटली होती. वर कुंकू. गंध अजून ओलं होतं.

"मी लाविलों," काका म्हणाले. "दरवर्षी लावितों. जुन्याला लोखंडाचं झांकण होतं, त्यावर लावायचों. हें उघडं होतं. मला वाटलं, हाच गाभारा."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण मी पिनाच बघत राहिले. ते गंध पिनापिनांतून पाझरून पाटीच्या पोटात उतरलं होतं आणि न दाबलेल्या बटणाचा निरोप तिथे कसातरी तयार झाला होता. व्यवस्थापक येऊन बघून गेले. स्पिरिटने पुसा, वाळवा आणि चालू करा, म्हणाले. मी नाही म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. पाटीच्या आत काय उरलंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याखाली मी कोणाचाही हात घालू देणार नाही, असं काहीतरी मी बोलले. काका माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. व्यवस्थापकांनी मग वाद घातला नाही. नवी बेसप्लेट येईपर्यंत प्रेस बंद राहिली, आणि सेफ्टी रिलेसुद्धा पहिल्याच टप्प्यात आला.

त्या दिवसांत घरी मला लिंबू चिरवत नव्हतं. सुरी टेकवली की काकांचं मनगट दिसायचं. नवऱ्याने चार दिवस वरण लिंबाशिवाय खाल्लं, मग स्वतःच लिंबू चिरू लागला.

या वेळी मी मोजक्या स्लॉटची बेसप्लेट निवडली. जेवढी कार्डं, तेवढेच स्लॉट. पुढचं पुढे बघू. बसवताना स्क्रूंच्या जागचा पॅनेलचा रंग मी खरवडून काढला, अर्थिंगला उघडं लोखंड भिडावं म्हणून. वर-खाली हवेला वाट ठेवली. प्रत्येक कार्ड खटका लागेपर्यंत दाबलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. काका शेजारी स्टुलावर बसून होते. "बस की, अम्मा, उपटून काढशील," ते म्हणाले, तरी मी परत एकदा ओढलंच.

दार लावलं. आता रीत. काकांनी पत्र्याऐवजी खिशातून लिंबू काढलं. "ह्या वेळीं मी ठेवितों," ते म्हणाले. "माझ्या हातून घडलं."

"दार मी लावलंय," मी म्हटलं आणि लिंबू त्यांच्या हातातून घेतलं.

पंप घुमत होता. मी हात आत घातला. मला इतकी भीती वाटत होती की बोटं उघडेनात; लिंबू ठेवायचं की धरायचं, तेच त्यांना कळेना. शेवटी ते सुटलं. मी हात काढला, मागे झाले, आणि आम्ही दोघं बटणांपासून लांब उभे राहिलो. लिंबू तसंच पिवळंधमक पडून होतं. जेवणाची घंटा झाली, लोक गेले, जेवून परत आले, तरी ते तसंच होतं. मला ते लिंबू इतकं छान दिसत होतं की मला रडू आलं.

"आतां दाब," काका म्हणाले.

मी बटणांवर दोन्ही हात ठेवले, पण दाबवेना. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर उचलले, बोटं पसरली आणि मला दिसतील असे धरून ठेवले. मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी बोटं मोजली, दोनदा. मग दाबलं.