धावड्याची फांदी

हे मी आजवर तोंडानं उच्चारलेलं नाही. एकटा असतानाही नाही. मळ्यातल्या विहिरीवर, जिथं ऐकायला फक्त संत्र्याची झाडं असतात, तिथंही शब्द ओठापर्यंत आले आणि मागं फिरले. मग आजच का लिहायला बसलो? आज सकाळी कमल अंगण झाडत होती. मातीवर खराट्याचा तो खर्रर्र आवाज आला आणि मी चहा तसाच ठेवून बाहेर निघून गेलो. नेहमी जातो तसाच. तिला वाटतं, मला धुळीचा त्रास आहे.

कमल माझी धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षं लोटली. तेव्हापासून ती आणि तिची मुलगी इथं पांढुर्ण्यात माझ्याच घरी राहतात. भाऊ असावा तर असा — लोक म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात. मी मान खाली घालतो आणि लोकांना तोही माझा चांगुलपणा वाटतो.

मी शाळेत मास्तर. वरच्या वर्गातली पोरं सायकलींवर लांब निघाली, की हेडमास्तर आधी मला वर्गात पाठवतात. उतार कसा उतरावा हे या भागात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मानतात. मी सांगतो — वळणाच्या आधी ब्रेक दाबा, वळणात शिरल्यावर दाबू नका. आधी मागचा, मग पुढचा, तोही हलक्या हातानं. बूड सीटवर मागं सरकवा. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं पायडल वर ठेवा. दरीकडे पाहू नका. नजर जिकडे जाते, सायकल तिकडेच जाते. असं उतरलात तर लवकरही पोचाल आणि धडही पोचाल. आणि लांब घाट असला तर लाज न बाळगता मागं फांदी बांधा.

मग मी दिगांबरचं नाव घेतो. ज्यानं फांदी बांधली नाही त्याचं काय झालं, ते सांगतो.

दिगांबर म्हणजे कमलचा नवरा. त्याआधी तो माझा मित्र होता. सौंसरला आम्ही एकाच गल्लीत वाढलो. तो तहसिलीत कारकून झाला, मी शाळेत लागलो, आणि दोघांनी काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकली घेतल्या. माझ्याच घरच्यांनी त्याला कमल दिली. चारचौघांत मी त्याला 'जवाईबापू' म्हणायचो आणि तो मला 'मास्तर'. दोघंच असलो की पहिल्यासारखं 'काऊन बे' आणि 'काय बे'.

छिंदवाड्याकडून सौंसरला येताना सिल्लेवानीचा घाट उतरावा लागतो. छोट्या लाइनची रेल्वेगाडी होती, पण आम्हाला सायकलींची खाज. त्या काळी घाट उतरणारे सायकलवाले वरच्या टोकाला एखादी पानाची दाट फांदी तोडायचे, दोरीनं कॅरिअरला बांधायचे आणि मागं फरफटत न्यायचे. सायकल आवरली जायची, ब्रेकचे रबर झिजायचे नाहीत. घाटाखाली देवीचं ठाणं होतं, तिथं फांदी सोडायची. वाळलेल्या फांद्यांचा तिथं ढीग असायचा आणि गाडीवान त्यावर भाकरी भाजायचे.

आम्ही दोघं कधी बांधायचो, कधी नाही. न बांधता उतरलो की शर्यत व्हायची. आणि शर्यत मीच जिंकायचो — नेहमी एकाच जागी. शेवटच्या मोठ्या वळणाच्या वर एक रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल होता, त्यावरून दिवाळीपर्यंत झऱ्याचं पाणी वाहायचं. पाण्यातून निघालं की चाकाची लोखंडी रिम ओली होते आणि ओल्या रिमवर रबर धरत नाही. म्हणून रपटा ओलांडताच ब्रेक हलका दाबून ठेवायचा, रिम पुसून कोरडी करायची, मगच वळण घ्यायचं. दिगांबरला हे माहीत नव्हतं. ब्रेक लागत नाही म्हणून त्या जागी तो बिचकायचा, पाय टेकवायचा, आणि मी पुढं निघायचो. "काऊन बे, तुही सायकल इथंच काऊन पळते?" तो विचारायचा. मी हसायचो.

पोरांना मी हे आता पहिल्याच दिवशी सांगतो. त्याला सांगितलं नव्हतं.

राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हाची ही गोष्ट. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडंच राहिलो, राजधानी एकदम भोपाळला. आमच्याकडे घरोघरी तेच बोलणं चालायचं — कोण तिकडे जाणार, कोण इकडे राहणार. मी आणि दिगांबर, दोघांनीही नागपूरकडे जायचं म्हणून अर्ज केले होते. अर्जांचं काय झालं ते विचारायला छिंदवाड्याला गेलो. दिगांबरचं झालं होतं. माझं नाही.

परतताना तो सारा रस्ता गात होता. कमलला आम्ही घरात कमी म्हणायचो. मधूनच म्हणायचा, "कमीले नागपूरले नेतो. तू येत जाजो बे, दिवाळीले." मी हो म्हणायचो. माझीच बहीण, माझाच मित्र, आणि मी पाहुणा? मला काय होत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. कळत होतं. चांगलं कळत होतं.

घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खाली दरीत सावली भरून आली होती, आणि वारा पडलेला. दिगांबर उतरला आणि धावड्याची एक फांदी वाकवून मोडायला लागला. त्याच्या कॅरिअरला काथ्याची दोरी होती — निघताना कमलनं स्वतः बांधून दिलेली. "घाटात फांदी बांधजा, आठवणीनं," असं ती आम्हा दोघांनाही म्हणाली होती.

मी सायकलीवर बसल्या बसल्या म्हणालो, "जवाईबापू, चांगली मोठी तोडा. आमच्या बहिणीचं कुंकू हाये. आता तर नागपूरचे साहेब झाले तुम्ही, घाट का जमते तुमाले?"

तो हसला. थट्टाच होती ना. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "नाहीतर असं करा, सायकल हातात धरून पायी उतरा. मी खाली जाऊन कमीले सांगतो, येऊन राहिले, हळूहळू."

त्याचा चेहरा बदलला. मोडत आलेली फांदी त्यानं सोडून दिली. कॅरिअरची दोरी सोडली, गुंडाळली आणि माझ्या अंगावर फेकली. "घे बे. तूच बांध." आणि निघाला. पहिल्या वळणाआड जाईपर्यंत त्याची पांढरी पाठ दिसत होती.

माझ्या सायकलचे रबर झिजून गेले होते. सकाळपासून मला ते माहीत होतं. मी पाय जमिनीवर टेकवून तसाच उभा राहिलो. आता मलाही जायला हवं होतं ना, त्याच्या मागोमाग, तसंच? खाली पाहिलं आणि सायकलवरून उतरलो. मग — कुणी नाही ना, असं मागंपुढं पाहून — त्यानं अर्धवट मोडलेली तीच धावड्याची फांदी मी तोडली आणि कमलच्या त्याच दोरीनं माझ्या सायकलला बांधली.

हळूहळू उतरत राहिलो. मागं खर्रर्र, खर्रर्र. खाली जाऊन काय थाप मारायची ते जुळवत होतो. शेवटच्या वळणाआधी फांदी सोडायची, दरीत टाकायची आणि ऐटीत त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं, असं ठरवलं होतं.

रपट्यावर अजून पाणी वाहत होतं. तो ओलांडला, फांदी सोडायला थांबलो, आणि खालून हाक आली. "मास्तर ऽऽ"

मला वाटलं, चिडवतो आहे. आज जिंकला ना पहिल्यांदा. मी हाकेला ओ दिली नाही. खाली बसलो आणि गाठ सोडायला लागलो. फांदीच्या ओढीनं काथ्या आवळून दगडासारखा झाला होता. नखांनी होईना. पुन्हा हाक आली, "मास्तर", या वेळी लांबवलेली नव्हती. माझ्या मनात काही हललं का? हललं. पण फांदी अजून बांधलेली होती. मी गाठीला दात लावले. दरीत माकडं ओरडली आणि मग सगळंच गप्प झालं. तिसऱ्या हाकेची मी वाट पाहिली. आली नाही.

किती वेळ मी त्या गाठीशी होतो? खरंच सांगता येत नाही. गाठ सुटली नाही. शेवटी सायकल हातात धरून, फांदी ओढत, वळण घेतलं.

त्याची सायकल कठड्याला वाकडी होऊन अडकली होती. तो कठड्यालगत, रस्त्याकडेच्याच दगडांत पडला होता, छातीपासून खाली वेगळाच मुरडलेला. डोळे उघडे होते. मी त्याच्याकडे धावलो. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या मागं रस्त्यावर आडव्या पडलेल्या सायकलीकडे, त्या हिरव्या फांदीकडे पाहत होता.

"बांधली का बे?" तो म्हणाला.

एवढंच. आवाजात राग नव्हता. हसायला गेला असावा असं वाटलं. मी त्याचं डोकं मांडीवरही घेतलं नाही, नुसता उभा राहिलो.

थोड्या वेळानं खालून गाडीवान आले. त्यांनी त्याला उचलून बैलगाडीत घातलं. पण तोवर काही उरलं नव्हतं. त्यातला एक म्हातारा माझ्या सायकलकडे पाहून म्हणाला, "गुर्जी, तुमाले अक्कल होती म्हणून वाचले. यानं काऊन नाही बांधली?"

आणि मला वाट दिसली. ज्या फांदीची मला लाज वाटत होती, जी लपवायला मी दातांनी गाठ सोडवत होतो, तीच फांदी मला शहाणा ठरवत होती. मी म्हणालो, "म्या सांगतलं होतं. त्यानं दोरीच माह्या अंगावर फेकली."

दोरी फेकली हे खोटं आहे का? नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

कमलला मी हेच सांगितलं. तिनं दोरी ओळखली. हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "भाऊ, काही बोलले का?" मी म्हणालो, शुद्ध नव्हती.

तिचा शोकही मी तिला धड करू दिला नाही. ती त्याच्यासाठी रडली त्याहून जास्त त्याच्यावर रागावली आहे. पितृपक्षात पान वाढते आणि पुटपुटते, "भारी जिद्दी माणूस. भावाचं ऐकलं असतं तर हात झिजले असते का?" मुलीनं कशाचा हट्ट धरला की म्हणते, "बापावर जाऊ नको, मामाकडे पाहून शीक." मुलगी माझ्याकडे पाहते. मी पेपर वर धरतो.

आता घाटातून मोटारी जातात. फांद्या कुणी बांधत नाही. मी मात्र वर्गात उभा राहून सांगतोच — दिगांबर नावाचा एक माणूस होता, त्यानं कुणाचं ऐकलं नाही.

त्यानं ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं. मी टोमण्यातून जे सुचवलं, तेच त्यानं केलं.

आणि त्यानं मला जे विचारलं त्याला मी उत्तर दिलं नाही. ते असं आहे — हो, दिगांबर. बांधली होती. तुझ्याच दोरीनं. तू हाका मारत होतास तेव्हा मी ती सोडत होतो.