पोट उघडण्याआधीची पैज

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. डॉक्टरांच्या गप्पांत सीटीबाईंचा विषय निघाला की मी त्यांच्या सरबताचा किस्सा सांगायचो, सगळ्यांना हसवायचो आणि निसटायचो. आता ऑपरेशनं बंद झालीत, हातही थरथरतात. तेव्हा आधी सरबत सांगतो, मग राहिलेलं.

नव्वदीच्या सुरुवातीला ठाण्यात एका सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं यंत्र आलं आणि यंत्रामागे या बाई, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि हसणं असं की बाहेर बसलेले पेशंट दचकायचे. पोटाच्या स्कॅनआधी पेशंटला औषध घातलेलं पाणी घोटघोट प्यावं लागतं, म्हणजे आतडी फोटोत उठून दिसतात. चव भयंकर. बाई ते संत्र्याच्या सरबतात कालवायच्या. मी डोंबिवलीहून पहिला पेशंट घेऊन गेलो, तर त्यांनी दोन ग्लास भरले.

"दुसरा कुणाला?"

"तुम्हाला. आपण पेशंटला काय पाजतो ते सर्जनला ठाऊक नको? प्या. आणि तोंड वाकडं करू नका, तो बघतोय."

माझं तोंड वाकडं झालंच. पेशंट इतका हसला, की त्याचा ग्लास कधी संपला ते त्यालाच कळलं नाही.

मी जुन्या वळणाचा सर्जन. आतड्याचा कॅन्सर म्हटला की पोट उघडायचं आणि कुठवर पसरलाय ते बोटांनी चाचपायचं. बाईंना हे बिलकूल पटत नसे. "अहो डॉक्टर, घरात शिरल्यावर पत्ता विचारता होय?" त्यांनी मला पैजेची सवय लावली. ऑपरेशनआधी मी ठाण्याला जायचं, दिव्याच्या पेटीवर फिल्म लावायची आणि बाईंनी सांगायचं: गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर आलीय का, मूत्राशयाला चिकटलीय का, यकृतात काही दिसतंय का. ऑपरेशन झालं की मी हातमोजे काढल्याकाढल्या फोन करायचा. हरेल त्याने वडे आणायचे. बहुतेक वेळा मीच आणायचो. "चटणी विसरलात," हे त्यांचं आभार मानणं.

सावंत डोंबिवलीतल्या रंगाच्या कारखान्यात फोरमन होते. त्यांची फिल्म बघताना बाई हसल्या नाहीत. यकृतात, अगदी आत, वाटाण्याएवढा डाग होता.

"एकच आहे. घाई करू नका. मुंबईत यकृताचं ऑपरेशन करणारे आहेत, त्यांना आधी दाखवा."

मी दाखवलं नाही. आतड्यातली गाठ काढली, यकृतावरून दोनदा हात फिरवला. गुळगुळीत. लगेच फोन लावला. "बाई, वडे!"

वडे आले. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण डॉक्टरांच्या स्नेहसंमेलनात मी माइक घेतला, किस्सा तिखटमीठ लावून रंगवला आणि बाईंना रंगीत कागदात गुंडाळलेलं चष्मा पुसायचं फडकं भेट दिलं. "डाग यकृतात नव्हता, बाईंच्या भिंगावर होता!" हशा थांबेना. सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या. फडकं पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "सुती आहे ना? मग चालेल."

विनोद माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे सर्जन बाईंच्या रिपोर्टवर फोन करून विचारू लागले, "फडकं मारलंत ना?" मग विचारायचेही थांबले. पेशंट पाठवणंच बंद झालं, आणि सेंटरच्या मालकाने त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरला बसवलं.

त्याच सुमारास सावंत परत आले. डोळे पिवळे झालेले. नवा स्कॅन मी मुंबईला करून घेतला, बाईंकडे जायचं तोंड नव्हतं. डाग होता. बाईंनी बोट ठेवलं होतं तिथेच, आता लिंबाएवढा, आणि भोवती त्याची पिलावळ.

"तेव्हा सगळं साफ आहे म्हणाला होतात ना, डॉक्टर?" सावंतांनी विचारलं.

"तेव्हा होतं," मी म्हणालो.

ते फार दिवस राहिले नाहीत. त्या स्कॅनबद्दल मी कुणालाच बोललो नाही.

बाई ठाणं सोडून नाशिकला भावाकडे निघाल्याचं कळलं, तेव्हा मी खोपटचा एसटी डेपो गाठला. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. बाई ट्रंकेवर बसून शेंगदाणे खात होत्या.

"या या, हात रिकामेच? निदान निरोपाचे तरी वडे!" मग शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरत त्यांनी आवाज उतरवला. "तुमचे ते फोरमन कसे आहेत हो? मधूनच जीव घाबरा होतो माझा."

सावंतांचं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता.

"मजेत आहेत," मी म्हणालो. "कामावर जातात."

बाईंनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि डेपो दणाणेल असं हसल्या. "म्हणजे माझंच चुकलं होतं! सुटले बाई. हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं."

गाडी लागली. ट्रंक मीच वर चढवली. खिडकीतून त्या बराच वेळ हात हलवत होत्या.

त्यानंतर त्या नाशिकला पुष्कळ वर्षं जगल्या. मी गेलो नाही. जे बोलायचं होतं ते फार मोठंही नव्हतं. बाई, तुम्ही बरोबर होता. सावंत गेले. मला ते माहीत होतं, आणि तरीही मी सगळ्यांना तुमच्यावर हसू दिलं. मला माफ करा.