सुतकातला कोलम

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळेत चित्रकला शिकवते, आणि स्टाफरूममध्ये कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की पहिली मीच फिदीफिदी हसते. त्यामुळे हे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण किती वर्षं पोटात ठेवायचं?

डिजिटल कॅमेरे नुकते आपल्यासारख्यांना परवडायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. माझे मिस्टर चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी डिफेन्स फॅक्टरीत होते. तिथल्याच क्वार्टर्समध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. समोरच्या बैठ्या घरात रुक्मामामी, त्यांचा मुलगा मुरली आणि सून सुधा. तंजावरकडचे मराठी लोक. मामींचं मराठी जुन्या पोथीतलं वाटायचं, मधूनमधून तमिळ. सुरुवातीला मला हसू यायचं, पण बाई सोन्यासारखी.

आपल्याकडे रांगोळी सणावारी, फार तर रोज तुळशीपुढे चार रेघा. तिकडे दारापुढे रोज सकाळी सडा टाकून कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, हवाच. घरात कुणी गेलं तरच जमीन कोरी राहते. कोरी जमीन दिसली की दूधवालासुद्धा हळू आवाजात बोलतो.

माझ्या डोक्यात तेव्हा एक खूळ शिरलं होतं. बाल्कनीत एकाच जागी स्टँड ठेवून रोज सकाळी मामींच्या कोलमचा एक फोटो काढायचा. मग ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक चढवून व्हिडिओ करायचा, असा की प्रत्येक फोटोतला पांढरा रंग तेवढा मागे उरावा. कोलमवर कोलम साचत जाऊन शेवटी जमीन पांढरीफटक! शहरातल्या एका छोट्या गॅलरीने तो दाखवायचं कबूल केलं होतं, त्यामुळे मी हवेत होते. मिस्टर म्हणायचे, "रांगोळीचा पिक्चर! यात हिरो कोण, झाडू?"

मामी मात्र खूश. रोज काहीतरी नवीन घालायच्या आणि वर बघून विचारायच्या, "पडला कां ग फोटो?" फक्त एक कोलम त्या घालत नव्हत्या, पाळण्याचा. घरात बाळ येतं तेव्हा घालतात तो. सुधाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आनंदाच्या भरात मामींनी दुसऱ्याच दिवशी तो घातला होता, आणि थोड्याच दिवसांत सगळं संपलं. "तुम्ही घाई केलीत," एवढंच सुधा म्हणाली होती. पुढे पुन्हा एकदा तसंच झालं, कोलम न घालताही. पण सुनेचं ते वाक्य मामींना कायमचं लागलं. मला एकदा म्हणाल्या, "घालीन ग. पण लेंकरूं हातांत दिसल्यावाचून शेवटची रेघ ओढणार नाहीं. आणि ती ओढल्यावाचून मी जाणार नाहीं, बघ."

आणि गेल्याच की हो! साध्या तापाचं निमित्त झालं. मी ढसाढसा रडले. समोरची जमीन कोरी पडली, तरी सुतक संपेपर्यंत मी रोज फोटो काढत राहिले. ती कोरी जमीनही त्यांचीच होती, असं काहीतरी मनात होतं. दार बंद, पायऱ्या ओल्या, कोलम नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी रोज बघत होते.

पुढे एका दुपारी ते सुतकाचे फोटो वेगळे जोडायला बसले. नुसती रिकामी जमीन दिसणार होती, शेवटी ती शांतता ठेवायची असा माझा बेत. व्हिडिओ लावला... आणि जमिनीवर ठिपके उमटायला लागले.

एकेक फोटो उघडून बघितला. प्रत्येकात चिमूटभर पांढरे कण, कुणाच्या लक्षातही येऊ नयेत इतके बारीक. पण एकावर एक चढले की त्यांच्या रेघा व्हायच्या. लेन्सवरची धूळ म्हणावी, तर ती रोज एकाच जागी दिसली असती. हे कण रोज जागा बदलत होते, आदल्या दिवशीची रेघ जिथे थांबली तिथून पुढे. शेवटच्या फोटोला चित्र तयार झालं: दोन दोऱ्या, खाली टोपलं. पाळणा.

नेमकी तेव्हाच सुधा आमचा डबा परत द्यायला आली. माझ्या खांद्यावरून तिने स्क्रीनकडे बघितलं, आणि डबा खाली पडला.

"अक्का, बंद करा! प्लीज, बंद करा ते!"

मी तिला खुर्चीत बसवलं. ती पोटाशी हात घट्ट धरून बसली होती. म्हणाली, "मला दिवस गेलेत. कुणालाच सांगितलं नाही, मुरलीलासुद्धा नाही. आणि अम्मांनी परत घाई केली... परत!"

मी धूळ, कबुतरं, कॅमेरा बिघडला, सुचेल ते बोलत सुटले. माझं मलाच पटत नव्हतं. ती रडत रडत स्क्रीनकडे बघत होती आणि एकदम पुढे वाकली. मग तिने बोट लावलं. टोपल्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात रेघ जुळली नव्हती. बोटभर जागा मोकळी.

"अम्मा रेघ कधी उघडी सोडायच्या नाहीत," ती म्हणाली. "हे मुद्दाम सोडलंय."

मामींचे शब्द मी तिला तेव्हा सांगितले. तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "अक्का, याला हात लावू नका. पुसू नका, पुरं करू नका, कुणाला दाखवू नका."

गॅलरीला मी नाही म्हणून कळवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? व्हिडिओ सीडीवर उतरवला, कॉम्प्युटरवरून काढून टाकला आणि सीडी कपाटात साड्यांखाली ठेवली. ते महिने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. रात्री समोर दिवा लागला तरी मी दचकून उठायची.

अण्णा नगरच्या हॉस्पिटलमध्ये मुलगी झाली. ठणठणीत! घरी आणलं त्याच सकाळी सुधा बाळाला घेऊन हळूहळू आमचा जिना चढली. बसलीसुद्धा नाही. "अक्का, ती सीडी लावा."

लावली. ठिपके आले, रेघा आल्या, दोऱ्या, टोपलं... आणि डाव्या कोपऱ्यातली ती मोकळी जागा भरली होती. शेवटच्या फोटोत, जिथे आम्ही दोघींनी बोट ठेवून बघितलं होतं, तिथे रेघ पूर्ण होती.

सुधाने बाळाला स्क्रीनसमोर धरलं. एरवी आमच्याशी तमिळ-इंग्लिश मिसळून बोलणारी ती पोरगी सासूच्या मराठीत म्हणाली, "अम्मा, आली हो. हातांत आहे."

मिस्टरांनी ती सीडी उलटसुलट करून तपासली. एकदा लिहिली की बदलता न येणारी, फाइलवरची तारीखही जुनीच. ते इंजिनियर माणूस, "तुम्ही दोघींनी आधी नीट बघितलं नसेल," म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, मी खरंच ऐकून घेईन. मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

परवा आवराआवरीत ती सीडी सापडली. हे म्हणाले, "लावून बघू या का एकदा?"

मी नको म्हटलं. मामींचं काम झालं होतं. उगाच कशाला त्यांना हाक मारायची?