शेजाऱ्यांची बाटली

हाउन्सलोच्या आमच्या गल्लीत वाइन ठेवायला सगळ्यांत सुरक्षित घर आमचंच, असं शेजारच्या आजोबांचं मत होतं. ते चुकीचं नव्हतं. समोरच्या घरात दर शनिवारी पार्टी असायची, पलीकडच्या घरातून रोज संध्याकाळी बिअरचे कॅन उघडल्याचे आवाज यायचे. आमच्याकडे मात्र ख्रिसमसच्या केकवरचं लेबलसुद्धा आई चष्मा लावून वाचायची, आत ब्रँडी घातलीय का ते बघायला.

आम्ही नागपूरकडचे बौद्ध. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूला न शिवण्याचं. बाबा पाचही मानायचे, पण पाचवं त्यांच्या हाडात होतं. ते लहान असताना त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि त्याच दिवशी दारू सोडली. पुन्हा कधी तोंडाला लावली नाही. त्यानंतर घरात दोन्ही वेळची चूल पेटायला लागली, मुलं शाळेत गेली आणि त्यातला एक शिकूनसवरून विमानतळाच्या कार्गोत नोकरी करायला इथवर आला. "ते शील नसतं तर तू नसतीस," असं बाबा मला सांगायचे. इथे वाढलेल्या मुलीला हे जरा जास्तच वाटायचं. रीडिंग गावात नोकरी लागल्यावर मी ऑफिसच्या लोकांबरोबर शुक्रवारी संध्याकाळी वाइन प्यायला लागले, आणि घरी येताना तोंडात पुदिन्याची गोळी ठेवायला शिकले.

शेजारचे आजोबा इंग्रज, रिटायर्ड पोस्टमन. माणूस बोलघेवडा, आणि बाबा कमी बोलणारे, म्हणून त्यांचं जमायचं. तरुणपणी एका उन्हाळ्यात ते फ्रान्सच्या दक्षिणेला द्राक्षं तोडायला गेले होते, आणि शेजारच्या ओळीत तोडणी करणारी मुलगी पुढे त्यांची बायको झाली. तो मळा फार जुना होता. एका किडीने साऱ्या मुलखातल्या वेली खाल्ल्या तेव्हा तेवढा एक तुकडा रेताड जमिनीमुळे वाचला, असं ते सांगायचे. वेली गुडघ्याएवढ्याच, पण खोडं मांडीएवढी जाड आणि वाकडीतिकडी. घड थोडे लागायचे. वाइन मात्र अशी दाट निघायची की पेला उजेडात धरला तरी पलीकडचं दिसत नसे. पुढे मालकाच्या मुलांनी त्या वेली उपटून घरं बांधली. आजोबांकडे त्या मळ्यातल्या काही बाटल्या उरल्या होत्या. बायको गेल्यावर त्या एकेक करून त्यांनी एकट्याने संपवल्या, आणि शेवटची उरली तेव्हा, मी शाळेत असताना, ती किचन टॉवेलमध्ये गुंडाळून आमच्या दारात उभे राहिले.

माझ्याकडे राहिली तर एखाद्या वाईट संध्याकाळी मी ही पण पिऊन टाकीन, असं ते बाबांना म्हणाले. तुमच्याकडे ठेवा. माझी जायची वेळ आली की मागेन. बायकोच्या नावाने एक घोट घ्यायचा आणि जायचं.

बाबांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. आई मागून दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आपल्या घरात?"

"आपण पिणार थोडीच आहोत? बँकेचा मॅनेजर लॉकरमधले दागिने घालून फिरतो का?"

आजोबांनी स्वतः आत येऊन जिन्याखालच्या कपाटात, तांदळाच्या पोत्यामागे ती आडवी ठेवली. आडवीच असू द्या, असं जाताना दोनदा सांगितलं.

पुढे मी युनिव्हर्सिटीत असताना एका रविवारी आमच्याकडे बुद्धवंदना होती. हॉल भरला होता. एका बाईंनी घडीच्या खुर्च्या काढायला जिन्याखालचं कपाट उघडलं, पोतं सरकलं आणि बाटली घरंगळत थेट मंडळींच्या पायाशी आली. समोर भिंतीवर दोन्ही तसबिरी, उदबत्ती पेटलेली. कुणीतरी विचारलं, कुणाची? बाबा म्हणाले, "शेजाऱ्यांची." आता, बाटली सापडली की ती शेजाऱ्यांचीच असते, हे जगात कुणाला माहीत नाही? लोक हसले नाहीत, हेच वाईट झालं. त्यानंतर बरेच दिवस वंदना घ्यायला बाबांना कुणी पुढे बोलावलं नाही. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही. शेजाऱ्याचं मरण हा सभेत सांगायचा विषय नाही, एवढंच ते आईला म्हणाले. आईने मात्र ती बाटली तिथून हलवली. कुठे, ते मी विचारलं नाही.

मागच्या वर्षी हिवाळा सरता सरता आजोबांनी अंथरूण धरलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आला, नर्स यायला लागली. बाबा रोज जाऊन बसायचे. मी शनिवारी घरी आले तेव्हा ते दारातच म्हणाले, "त्यांनी मागितली."

"पण ते गिळू शकतात का?"

"नाही. नर्सला विचारलं मी. ती म्हणाली, स्पंज बुडवून ओठांना लावा, जीभ ओली करा. वाइन चालेल का विचारलं. म्हणाली, वाय नॉट."

बाबांचे वडील गेले तेव्हा ते इथे, या देशात होते. शेवटचं पाणी तोंडात घालायला त्यांना पोचता आलं नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. मी चपला घातल्या.

बाबा जिन्याखाली वाकले नाहीत. वर गेले. वर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे, एअरिंग कबर्ड. त्यात टॉवेल असतात आणि टाकीला टेकवून आईचं दह्याचं पातेलं. या देशात दही लागतं ते तिथेच. त्या पातेल्याशेजारून, टॉवेलांच्या आडून, बाबांनी बाटली काढली. तेलाच्या बाटलीसारखी ती नीट उभी ठेवलेली होती, सांडू नये म्हणून. माझ्या हातात दिली तेव्हा ती कोमट होती.

वाइनला ऊब सोसत नाही, आणि उभ्या बाटलीचं बूच वाळतं, हे मला रीडिंगच्या शुक्रवारांनी शिकवलं होतं. आजोबांनी आडवी ठेवायला सांगितली ती का, हे घरात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

आजोबांच्या किचनमध्ये ड्रॉवरमधून मी कॉर्कस्क्रू काढला. बूच अर्ध्यात तुटलं, उरलेलं मी हळूहळू फिरवून काढलं आणि वाइन चहाच्या गाळणीतून पेल्यात ओतली. बाबा दारात उभे राहून माझे हात बघत होते. रंग चिंचेच्या कोळासारखा झाला होता. वास आंबट. मी करंगळी बुडवून जिभेला लावली. निव्वळ व्हिनेगर.

"झालं?" बाबांनी विचारलं.

एवढी वर्षं दारातल्या त्या माणसाने ही बाटली जपली होती, आपल्याच लोकांच्या नजरा सोसल्या होत्या. तो मळा आता कुठे नव्हता, की मी धावत जाऊन दुसरी आणावी. मला रडू येत होतं आणि आईचा रागही येत होता, आणि तिचा काय दोष हेही कळत होतं.

"झालं," मी म्हणाले.

नर्सने ठेवलेला गुलाबी स्पंज बाबांनी माझ्या हातातून घेतला. "मी देतो." ज्याने आयुष्यात दारूच्या पेल्याला बोट लावलं नाही, त्याने तो पेला डाव्या हातात धरला, स्पंज बुडवला, कडेला निथळला आणि वाकून आजोबांच्या ओठांवरून फिरवला. लहान मुलाला औषध देतात तसा. आजोबांनी तोंड उघडून स्पंज चोखला.

त्यांच्या भुवया एकदम जवळ आल्या. डोळे उघडले आणि बाबांच्या खांद्यावरून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. कळलं होतं त्यांना. मला कळलंय हेही कळलं होतं. मग त्यांनी बाबांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "हीच ती." थोड्या वेळाने स्पंजकडे बोट करून पुन्हा मागितली. बाबांनी पुन्हा दिली. असं तीनचारदा झालं. खोलीत बायकोचा फोटो होता, द्राक्षांचा क्रेट कमरेवर घेऊन उभी असलेली. त्याकडे बघत बघत त्यांना डोळा लागला.

त्याच आठवड्यात ते गेले.

स्पंज दिला त्या दुपारी घरी परतताना, दोन फाटकांमधल्या त्या दहापंधरा पावलांत बाबा मध्येच थांबले. डोक्यावरून विमान उतरत होतं, त्याचा आवाज जाईपर्यंत वाट बघितली.

"चांगली होती ना ग? तुला कळतं त्यातलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कधीपासून माहीत होतं त्यांना, देव जाणे. पुदिन्याच्या सगळ्या गोळ्या वाया गेल्या होत्या.

"खूप चांगली होती, बाबा. अगदी टिकली होती."

त्यांनी मान हलवली. खांदे सैल झाले, आणि किती वर्षांनी मी त्यांना असं सैल पाहिलं कोण जाणे. "मग आईला सांग," ते म्हणाले. "सांभाळली तर तिनेच."

आई किचनमध्ये कणीक मळत होती. तिच्या जवळ जाऊन मी तेच पुन्हा सांगितलं, म्हणजे चौथं शील एका दुपारी दोनदा मोडलं. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. आईने पिठाचा हात तसाच ठेवून वर पाहिलं.

"राहणारच," ती म्हणाली. "मी उबेला ठेवली होती. तिथे जिन्याखाली किती गारठा असतो."