फेसाची बादली

माझ्या आईनं सव्वीस वर्षं एका दवाखान्याच्या मोऱ्या आणि संडास घासले. तिची एक खास युक्ती होती. बादलीत पाणी, त्यात ॲसिड आणि वर धुण्याचा सोडा, फसफसून फेस येईपर्यंत. नव्या बायकांना ती ऐटीत सांगायची, "नुसत्या ॲसिडनं काय होतंय? दोघांचा जोर एक झाला पाहिजे."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला सांगितलं आणि माझ्या अंगात मास्तरीण संचारली. सगळ्यांसमोर मी हसत म्हणाले, "ॲसिड म्हणजे आम्ल, सोडा आम्लारी. दोघं भेटले की एकमेकांचा जोर मारतात. उरतो क्षार आणि पाणी. फेस नुसता वायूचा. आमची आई इतकी वर्षं मिठाच्या पाण्यानं फरशी धूत होती."

हशा पिकला. आईही हसली, जरा उशिरा.

घरी येताना तिनं विचारलं, "मग ते डाग कशानं जायचे गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. घासून घासून तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तिची वेणी रोज मीच घालते. त्या सकाळीही घातली होती.