लाल उजेडातून आलेला सूर

कोथरूडच्या त्या स्टुडिओत पहिला संगणक आला, तेव्हा मी अमरावतीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकतीच पुण्यात आले होते. बरोबरच्या सगळ्या मुली सॉफ्टवेअरकडे पळत होत्या आणि मी वायरी जोडत बसले होते, तेही खुशीत!

त्या दिवशी एका ज्येष्ठ गायिकेची डिजिटल टेप संगणकात उतरवून तिची सीडी करायची होती. दोन यंत्रांच्या मधे एकच बारीक केबल होती, आणि तिच्या अजून न जोडलेल्या टोकातून लाल उजेड येत होता.

"आवाज या उजेडातून जाणार?" मी विचारलं.

"आवाज नाही गं, आकडे," स्टुडिओचे मालक म्हणाले. त्यांना आम्ही सर म्हणायचो. "कॅसेटवरून कॅसेट केली की आवाज विटतो. आकडे विटत नाहीत."

तो लाल ठिपका मी तळहातावर पाडून पाहिला. अंगावर काटा आला.

दुपारी बाई स्वतः ऐकायला आल्या. ख्याल सुरू झाला आणि त्यांनी हात वर केला. "हे कोण गातंय?"

"आपणच, बाई," सर म्हणाले.

"मी? माझी पट्टी काळी चार. हा सूर पांढरी पाचच्याही खाली गेलाय. आणि इतकी पेंगत मी कधी गायले हो?"

सरांचा चेहरा पडला. मी टेपच्या यंत्राकडे धावले. तिथल्या छोट्या पडद्यावर ४८ दिसत होतं. टेपवर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकडे होते, आणि संगणकाला आम्ही सीडीच्या हिशोबाने चव्वेचाळीस हजार शंभर सांगून ठेवले होते. तो बिचारा तेच आकडे सावकाश वाचत होता. म्हणून सूर उतरला, लयही मंदावली.

"सर, संगणकावरही अठ्ठेचाळीस करू! सीडीसाठी शेवटी बदलून घेता येईल."

पुन्हा सगळं उतरवलं. या वेळी षड्ज लागला तो थेट, स्वच्छ. दोन ओळींमधला बाईंचा श्वाससुद्धा ऐकू आला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग एकदम उठल्या. "या यंत्रात मला आत्ता गाता येईल?"

"आत्ता?"

"तानपुरा गाडीत आहे. घरी जाऊन यायला सांगताय की काय?"

सर माइक लावायला धावले, मी तानपुरा आणायला. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.