सभा सुटेपर्यंत थांबणारी बस

मालनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या गर्दीत कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते. भाऊ एवढंच म्हणाला, "आत्या गेली गं..." त्याला आता महिना होऊन गेला.

आत्या कासारवाडीची, जुन्या गावातली. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, तीही तिच्याच हट्टामुळे. लाइनवर कुणाची रजा नाकारली, कुणाला सुपरवायझर लागट बोलला, की बायका तिलाच गाठायच्या. म्हणून ती युनियनच्या सेक्रेटरीपदाला उभी राहिली. तेव्हा अध्यक्ष नानाभाऊंनी नियम पुढे करून तिचा अर्ज बाद केला : वर्षातल्या निम्म्या सभांना हजर असेल तोच उमेदवार. सभा व्हायची पहिली शिफ्ट सुटल्यावर, गेटबाहेर. नेमकी तेव्हाच कंपनीची बस निघायची. ती चुकली तर घरी कसं जायचं, म्हणून एकही बाई सभेला थांबत नसे.

"मालनताई, सभेला यायचं नाही आणि सेक्रेटरी व्हायचं?" नानाभाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"सभा सुटली की तुमी मोटारसायकलला किक मारता, नानाभाऊ. आमी कशाला मारायची?"

माणसं हसली, पण अर्ज बादच राहिला. आत्या मला घेऊन आकुर्डीच्या एका वकीलबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, कायद्यात अपात्रतेची कारणं मोजकीच आहेत, कमी वय, गुन्ह्यात शिक्षा अशी. युनियनला आपले नियम करता येतात. पण जो नियम पाळणं बायकांना शक्यच नाही, तो कोर्टात टिकणं अवघड. आत्याने दावा लावला. "आपल्याच युनियनला कोर्टात खेचती," असं लोक तिला ऐकवायचे. ती म्हणायची, "आपलीच हाय, म्हणून तर." निकालाआधीच युनियनने नियम मागे घेतला. आत्या उभी राहिली... आणि पडली. घरी पेढे घेऊनच आली. "पडले, पण उभी तर ऱ्हायले." पुढच्या खेपेला निवडून आली, आणि पहिलं काम केलं ते बसचं.

परवा कारखान्यातल्या तिच्या लॉकरमधलं सामान आणायला गेले. ते घेऊन निघाले, तेव्हा गेटबाहेर सभा चालू होती, पुढच्या रांगेत बायकाच होत्या. बस रिकामी, इंजिन बंद. मी ड्रायव्हरकाकांना विचारलं, कधी निघणार?

"बसा ताई. सभा सुटल्याबिगर बस हलवायची न्हाई, मालनताईंनी सांगितलंय."

मी तिचा डबा मांडीवर घेऊन बसले.